इंग्लंडमधल्या घराचा लॉफ्ट राहता करायचाय: बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये बसणारा आराखडा कसा करावा?

कौलारू

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमध्ये लॉफ्टची, म्हणजे छपराखालच्या मोकळ्या जागेची, राहती खोली करून घेतलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. आमचं घर ओळीतलं, मधलं, दुमजली, १९३० च्या दशकात बांधलेलं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक भिंती. मुलगी मोठी झालीय, तिला दार लावून अभ्यास करता येईल अशी खोली हवी. वरच एक शॉवर-टॉयलेट झालं तर सकाळची ओढाताणही थांबेल.

सध्या वर खोकी आणि एक जुनी पाण्याची टाकी एवढंच आहे. छप्पर कैच्यांचं नाही, सुटे वासे आणि त्यांना मध्ये आधार देणाऱ्या आडव्या तुळया असं आहे. खालच्या छताच्या जॉइस्टच्या (आडव्या लाकडांच्या) माथ्यापासून आढ्यापर्यंत २.४ मीटर भरतात. पाख्यांचा उतार साधारण ४० अंश. मनातलं चित्र असं: मागच्या पाख्यावर रुंद डॉर्मर (पाख्यातून उभा बाहेर काढलेला, खिडकीचा भाग), पुढच्या पाख्याला दोन रूफलाइट (छपराच्या उतारातच बसणाऱ्या खिडक्या), डॉर्मरच्या एका टोकाला शॉवर.

एक बिल्डर पाहून गेला. त्याच्या मते प्लॅनिंग परमिशन लागत नाही, म्हणजे कागदपत्रांचा प्रश्नच नाही, लगेच काम धरू. जिना पुढच्या छोट्या बेडरूममधून काढू असं तो म्हणाला. आणखी एक गोष्ट सांगून ठेवते: आधीच्या मालकांनी तळमजल्यावर हॉलची आणि स्वयंपाकघराची भिंत काढून सगळं एक केलंय, त्यामुळे आत्ताचा जिना थेट बैठकीत उतरतो.

डॉर्मर किती मोठा करता येईल? रूफलाइट कुठल्या मापाच्या घ्याव्यात? आणि सुरुवात कुठून करू?

वळचण

आधी त्या बिल्डरच्या वाक्याचे दोन तुकडे करा. प्लॅनिंग परमिशन आणि बिल्डिंग रेग्युलेशन्स या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विचारते, घर बाहेरून कसं दिसणार, शेजाऱ्याला त्रास होणार का. दुसरी विचारते, आत झोपलेला माणूस आग लागल्यावर सुखरूप बाहेर पडेल का, जमीन त्याचं वजन पेलेल का, छतात ओल साठेल का. पहिली माफ असली तरी राहत्या लॉफ्टला दुसरी कधीच माफ नसते.

तुमचं घर संरक्षित परिसरात नसेल आणि फ्लॅट नसेल, तर बहुतेक काम ‘परमिटेड डेव्हलपमेंट’मध्ये, म्हणजे प्लॅनिंग परमिशनशिवाय करता येणाऱ्या कामांत, बसेल. ओळीतल्या घराला छताचं आकारमान एकूण ४० घनमीटरपर्यंत वाढवता येतं (जोडघर किंवा सुट्या घराला ५०). आधीच्या मालकांनी छतावर काही वाढवलं असेल तर तेही याच ४० मध्ये धरायचं. रस्त्याकडच्या मुख्य पाख्यावर डॉर्मर चालत नाही, आढ्यापेक्षा उंच जाता येत नाही, आणि वळचणीपासून डॉर्मर किमान २० सेंटिमीटर मागे हवा. बाहेरून लावायचं साहित्य घराशी मिळतंजुळतं असावं लागतं. बाल्कनी यात येत नाही.

तुमच्या मापांवर हिशोब करून पाहिला. डॉर्मर ५ मीटर रुंद, २.२ मीटर उंच धरला, तर ४० अंशांच्या पाख्यावर तो साधारण २.६ मीटर आत जाईल. त्रिकोणी आकार म्हणून निम्मं, म्हणजे १४.३ घनमीटर. मर्यादेपासून खूप दूर आहात. तरीही कौन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ काढून ठेवा. परवानगीची गरज नव्हती, हे सिद्ध करणारा तो कागद घर विकताना उपयोगी पडतो.

ओळंबा

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, घरगुती कामंच जास्त करते. कौलारू, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची माहिती शेवटी ‘आणखी एक गोष्ट’ म्हणून लिहिलीत. जिना थेट बैठकीत उतरतो, हाच तुमच्या कामाचा गाभा आहे. डॉर्मर आणि रूफलाइट तूर्त बाजूला ठेवा. लॉफ्टचा आराखडा खालून वर करायचा असतो: आधी घराचं बाहेरचं दार, मग तिथपर्यंतची सुरक्षित वाट, मग जिना, आणि उरलेल्या जागेत खोली.

कारण सांगते. दुमजली घरात पहिल्या मजल्यावरून खिडकीतून सुटता येतं असं नियम धरून चालतात. लॉफ्टमध्ये राहती खोली केली की घर तिमजली होतं. तुमच्याकडे वरची जमीन बाहेरच्या जमिनीपासून ५ मीटरच्या वर जाईल. ४.५ मीटरची रेघ ओलांडली की खिडकीतून सुटका हा मार्ग नियमांना पुरेसा वाटत नाही. मग लॉफ्टपासून थेट बाहेरच्या दारापर्यंत जिन्याला आगीपासून ३० मिनिटं तग धरणारं वेष्टण लागतं. त्या जिन्यावर उघडणारी राहत्या खोल्यांची आणि स्वयंपाकघराची दारं एफडी २० दर्जाची, म्हणजे २० मिनिटं आग अडवणारी, हवीत. बाजारात एफडी ३० च सहज मिळतात, म्हणून लोक तीच बसवतात. दारांच्या डोक्यावर जुन्या काचेच्या झडपा असतील तर त्याही अग्निरोधक कराव्या लागतात.

म्हणजे आज तुमच्या मुलीच्या खोलीतून निघालेली वाट सोफ्याजवळून, स्वयंपाकघराच्या समोरून जाते. घरातली आग बहुधा जिथे लागते तिथूनच. असा आराखडा बिल्डिंग कंट्रोल (बिल्डिंग रेग्युलेशन्सप्रमाणे काम तपासणारी यंत्रणा) मंजूर करणार नाही, आणि करूही नये.

दुसरं, जिना. घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त २२० मिलिमीटर उंच आणि कमीत कमी २२० मिलिमीटर खोल चालते, पण उतार ४२ अंशांपलीकडे जाता कामा नये. या तीन अटी एकत्र वाचा. २२० आणि २२० घेतलं तर ४५ अंश होतात, म्हणजे ते बाद. तुमच्याकडे पहिल्या मजल्याच्या जमिनीपासून लॉफ्टच्या तयार जमिनीपर्यंत साधारण २.७ मीटर धरू. १३ चढ केले तर प्रत्येक चढ सुमारे २०८ मिलिमीटर. मग ४२ अंशांत राहायला पायरीची खोली निदान २३१ हवी. २३२ धरली तर १२ पायऱ्यांना २.७८ मीटर लांबी लागते, आणि वर-खाली उभं राहायला जागा वेगळी. छोट्या बेडरूममधून एवढं काढलं तर ती बेडरूम राहील का, हे कागदावर आखून पाहा.

तिसरं, डोक्यावरची उंची. जिन्यावर २ मीटर मोकळी उंची हवी. लॉफ्टसाठी सूट आहे: जिन्याच्या मध्यरेषेवर १.९ आणि कडेला १.८ चालते. तुमच्या २.४ मधून नवी जमीन सुमारे १४ सेंटिमीटर खाईल, आढ्याखालचं इन्सुलेशन आणि प्लास्टरबोर्ड आणखी १२. हातात उरले २.१४. आढ्यापासून पुढच्या पाख्याकडे जेमतेम ३० सेंटिमीटर सरकलात की उंची १.९ वर येते. म्हणजे पुढच्या बेडरूममधून सरळ वर काढलेला जिना जिथे संपेल तिथे पाखं माणसाच्या छातीशी असेल. जिन्याचं वरचं टोक डॉर्मरच्या बाजूलाच यायला हवं. त्यासाठी बहुतेक घरांत नवा जिना जुन्या जिन्याच्या बरोबर डोक्यावर ठेवतात. जागा वाचते आणि आगीची वाटही एकाच उभ्या रेषेत राहते.

कौलारू

ओळंबा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बिल्डर किंवा जे इतर दोघे पाहून गेले त्यांच्यापैकी कुणीही तळमजल्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पण खालची मोकळी बैठक आम्हाला फार आवडते. तिथे परत भिंत घालण्याशिवाय गत्यंतर नाही का? आणि लॉफ्टला मोठी, माणूस बाहेर पडेल अशी रूफलाइट घेतली तर ती चालत नाही का? ‘एस्केप विंडो’ असं लिहिलेल्या खिडक्या मिळतात.

उंबरठा

एस्केप विंडोचा गैरसमज सगळीकडे आहे, म्हणून लिहितो. त्या खिडकीची मापं नियमात आहेत: मोकळी उघडझाप किमान ०.३३ चौरस मीटर, उंची आणि रुंदी दोन्ही किमान ४५० मिलिमीटर, आणि उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नको. पण हे ४.५ मीटरपर्यंतच्या जमिनीसाठी. एकमजली बंगल्याच्या लॉफ्टला ही वाट चालते, दुमजली घराच्या नाही. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, रात्री, धुरात, उतरत्या कौलांवर पाय ठेवायचा, ही सुटका नव्हेच.

मोठी रूफलाइट उजेडासाठी आणि हवेसाठी जरूर घ्या. फक्त सुटकेच्या हिशोबात धरू नका.

ओळंबा

मोकळ्या बैठकीबद्दल. भिंतीशिवाय गत्यंतर नाही असं म्हणणार नाही, पण भिंत हा सगळ्यात सरळ आणि सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. जिना ते पुढचं दार एवढाच अरुंद हॉल परत बांधायचा आणि बैठकीला अग्निरोधक दार द्यायचं. बैठक आणि स्वयंपाकघर एकमेकांत मोकळं ठेवता येतं, कारण त्यांच्यातल्या भिंतीचा जिन्याशी संबंध नाही. तुमचं मोकळेपण बरंचसं टिकतं.

दुसरी रीत: जिना तळाशी पोचला की दोन वेगळ्या वाटा, प्रत्येक वाट घराबाहेर नेणारी, आणि दोहोंमध्ये अग्निरोधक भिंत आणि दार. जिना घराच्या मध्यात असेल तर हे जमतं. तुमच्या बाबतीत नकाशा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

तिसरी रीत, तळमजल्यावर स्प्रिंकलर किंवा पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा आणि तिच्या जोडीला काही अग्निरोधक विभागणी. काही घरांत हे मान्य होतं. पण ते बिल्डिंग कंट्रोलशी काम सुरू होण्याआधी बोलून, लेखी मान्य करून घ्यायचं. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या बिल्डरच्या शब्दावर हे सोडू नका.

काचेची भिंत हाही पर्याय आहे, पण साधी टफन्ड काच चालत नाही, प्रमाणित अग्निरोधक काच आणि तिची प्रमाणित चौकटच हवी. उजेड हवा असेल तर विचार करा.

आणि धूर सांगणारे अलार्म: मेन विजेवर चालणारे, बॅटरीचा आधार असलेले, प्रत्येक मजल्याच्या जिन्याच्या जागेत एकेक, आणि एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले. वर झोपलेल्या मुलीला खालच्या मजल्यावरचा धूर तो वर पोचण्याआधी कळला पाहिजे, यासाठी हा जोड आहे. स्वयंपाकघर जिन्याच्या जागेला मोकळं असेल तर तिथे उष्णता ओळखणारा अलार्म द्यावा लागतो.

पाखाडी

सुतारकामाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण जमीन हा विषय अजून आलाच नाही.

आत्ता ज्यावर खोकी ठेवली आहेत ती तुमच्या बेडरूमच्या छताची लाकडं आहेत. ती छत धरायला टाकलेली. थोडं सामान ठेवण्यापुरता चौरस मीटरला ०.२५ किलोन्यूटन भार, म्हणजे साधारण २५ किलो, एवढ्यावरच अशा छताचा हिशोब करतात. राहत्या खोलीला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सहापट. वर फळ्या ठोकून कार्पेट टाकलं की खोली झाली असं समजणारे लोक मी पाहिले आहेत. खालच्या खोलीच्या छताला आधी केसासारख्या भेगा जातात, मग दारं अडकायला लागतात.

नवे जॉइस्ट जुन्यांच्या शेजारी, वेगळे टाकतात, आणि जुन्या छताच्या प्लास्टरपासून थोडे उचलून. नवा जॉइस्ट चालताना किंचित लवतो, तो खालच्या प्लास्टरला टेकला तर भेग पडणारच. या उचलण्यामुळेच ओळंबांनी धरलेले १४ सेंटिमीटर जातात. बिल्डरला एकच प्रश्न विचारा: नवे जॉइस्ट दोन्ही टोकांना कशावर टेकणार? उत्तरात भार घेणारी भिंत किंवा पोलादी तुळई आली पाहिजे. ‘जुन्यांनाच जोडून टाकू’ असं आलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

तुमच्या छपराच्या मधल्या आडव्या तुळया आणि त्यांचे टेकू बहुधा खोलीच्या मध्येच येत असतील. ते काढायचे तर आधी वाशांना दुसरा आधार उभा करायचा, मगच करवत लावायची. हा क्रम इंजिनियरच्या नकाशात लिहिलेला असावा.

आणि ज्यांचं घर १९६० च्या दशकानंतरचं आहे त्यांनी हे वाचून आपलं घर असंच समजू नये. पातळ लाकडांच्या, आत इंग्रजी डब्ल्यूसारख्या तिरक्या काड्या असलेल्या तयार कैच्या असतील, तर त्यातली एक काडीही कापायची नाही. सगळी कैची मिळून भार घेते. तिथेही लॉफ्ट होतो, पण पोलादाचं काम वाढतं आणि आराखडा वेगळा होतो.

वळचण

पोलादी तुळई म्हटलं की सामाईक भिंत आली. ओळीतल्या घरात तुळईचं टोक शेजाऱ्याबरोबरच्या भिंतीत घुसतं. त्याला ‘पार्टी वॉल इत्यादी कायदा १९९६’ लागू होतो. काम सुरू करायच्या दोन महिने आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांनी १४ दिवसांत लेखी संमती दिली तर उत्तम. काहीच उत्तर दिलं नाही तर कायदा त्याला वाद समजतो, आणि सर्व्हेयर नेमून त्यांचा निवाडा घ्यावा लागतो. साधारणपणे तो खर्च काम करणाऱ्या घराच्या मालकावर येतो.

नोटिशीआधी शेजाऱ्यांकडे जाऊन नकाशा दाखवा. आमच्या शेजारच्या आजींना नोटीस थेट टपालाने गेली असती तर त्या घाबरून वकिलाकडे गेल्या असत्या. नकाशा पसरून, तुळई नेमकी कुठे येणार ते बोटाने दाखवलं, त्यांच्या बेडरूमच्या भिंतीचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवले. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली आणि काम संपल्यावर भिंत परत पाहून घेतली.

लॉफ्टमधली सामाईक भिंत कौलांपर्यंत पूर्ण भरलेली आहे का, तेही विजेरी मारून पाहा. जुन्या ओळींत वरच्या भागात विटा सुटलेल्या किंवा भोकं ठेवलेली असतात. राहती खोली होणार म्हटल्यावर तिथून आग आणि आवाज दोन्ही अडले पाहिजेत.

कौलारू

पार्टी वॉलबद्दल ऐकलं होतं, दोन महिन्यांचं ठाऊक नव्हतं. विजेरी घेऊन वर जाऊन आले. डावीकडची भिंत पूर्ण आहे. उजवीकडे आढ्याखाली विटांच्या दोन ओळी नाहीत, पलीकडच्या घरातली टाकी दिसते!

छपराचं इन्सुलेशन कसं करतात? कौलांच्या खाली काळा, डांबरी कागदासारखा थर आहे. बिल्डर म्हणाला वाशांच्या मध्ये जाड थर गच्च भरून टाकू.

ओळंबा

गच्च भरू देऊ नका. तो काळा थर जुना डांबरी फेल्ट आहे, त्यातून वाफ जात नाही. घरातली दमट हवा वर येते, थंड फेल्टला लागून पाणी होतं आणि वाशांवर टपकतं. वासे आतून काळे पडून कुजतात, आणि प्लास्टरबोर्डामागे असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. अशा छपरात फेल्ट आणि इन्सुलेशनच्या मध्ये ५० मिलिमीटर वाहती हवा हवी, वळचणीला हवा आत यायला आणि आढ्याला बाहेर पडायला फट हवी.

आता हिशोब बघा. वासे १०० मिलिमीटरचे असतील तर हवेला ५० गेले, मध्ये ५० चा पीआयआर बोर्ड (कडक फोमचं इन्सुलेशन), बाकीचा थर वाशांच्या खालून सलग. वाशांखालचा सलग थर फार महत्त्वाचा, कारण लाकूड स्वतः उष्णता बाहेर नेतं. आतल्या, उबदार बाजूला वाफ अडवणारा पडदा, त्याचे सांधे टेपने बंद. जुन्या छपराचं असं काम करताना यू-व्हॅल्यू (उष्णता किती निसटते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) ०.१६ पर्यंत आणायची असते. डॉर्मरच्या नव्या भिंतींना ०.१८, नव्या सपाट छताला ०.१५. हे आकडे बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट एलच्या (ऊर्जाबचतीच्या भागाच्या) जून २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीतले.

पाख्याच्या पायथ्याशी ठेंगणी भिंत घालून मागे सामानाची जागा ठेवतात, तिथे बहुतेक कामं चुकतात. इन्सुलेशनची रेघ एकच असली पाहिजे: एकतर ठेंगणी भिंत आणि तिच्या मागची जमीन, नाहीतर पाखं थेट वळचणीपर्यंत. छोटं कपाटाचं दारही त्या रेघेत येत असेल तर त्यालाही इन्सुलेशन आणि घट्ट बसणारी पट्टी.

उंबरठा

शॉवर-टॉयलेटबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

टॉयलेटचा जाड पाइप जॉइस्टला आडवा जाऊ शकत नाही, भोक पाडलं तर जॉइस्टच संपतो. तो जॉइस्टांच्या मधूनच, त्यांच्या दिशेने, उताराने मुख्य उभ्या पाइपला पोचला पाहिजे. म्हणून शॉवर डॉर्मरच्या ‘एका टोकाला’ नाही, खालच्या बाथरूमच्या डोक्यावर. मैला दळून पातळ नळीने ढकलणारा पंप लोक सुचवतात. घरात साध्या उताराने वाहणारं दुसरं टॉयलेट असेल तर तो नियमात बसतो, तुमच्याकडे खाली आहे. पण वीज गेली की तो थांबतो आणि रात्री आवाज करतो. उतार जमत असेल तर तोच घ्या.

आतली हवा बाहेर फेकणारा पंखा सेकंदाला किमान १५ लिटरचा, आणि त्याची नळी घराबाहेर. ती लॉफ्टच्या वळचणीत सोडून देणारे महाभाग आहेत.

ती जुनी टाकी: गरम पाण्याची व्यवस्था तिच्यावर चालते का ते आधी प्लंबरला विचारा. तिच्या किंवा जुन्या धुराड्याच्या पाइपांभोवती राखाडी, तंतूमय आवरण असेल तर हात लावू नका, तपासून घ्या. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या घरात ते कुठेही सापडतं.

पाखाडी

वर गेलाच आहात तर आढ्याखाली, धुराड्याजवळ उंदराच्या लेंड्यांसारख्या पण बोटात चुरा होणाऱ्या काळ्या लेंड्या दिसतात का पाहा. वटवाघळं असतील तर काम थांबवून तज्ज्ञाकडून पाहणी करावी लागते. त्यांची जागा कायद्याने संरक्षित आहे, ती घरात नसतानाही. मला हा नियम आवडतो. त्या बिचाऱ्यांचं तेच घर आहे.

कौलारू

वटवाघळं नाहीत, कोळ्यांची जाळी मात्र भरपूर.

आता अर्जाबद्दल सांगा. बिल्डर ‘बिल्डिंग नोटीस’ देऊ म्हणतो, त्यात वेळ वाचतो म्हणे.

वळचण

बिल्डिंग नोटीस म्हणजे ‘आम्ही काम सुरू करतोय’ एवढं कळवणं. नकाशे मंजूर होत नाहीत, निरीक्षक जागेवर येऊन जे दिसेल त्यावर बोलतो. छोट्या कामाला ठीक आहे. तुमच्या घरात जिना, आगीची वाट, पोलाद आणि खालची भिंत असे चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. प्लास्टर झाल्यावर निरीक्षकाने ‘हॉल कुठे?’ विचारलं तर ते कुणाच्या पैशाने तुटणार?

‘फुल प्लॅन्स’चा अर्ज करा. नकाशे आणि इंजिनियरचे हिशोब आधी तपासले जातात, साधारण पाच आठवड्यांत उत्तर येतं, आणि मंजूर नकाशावरच बिल्डरांकडून दर मागता येतात. सगळे एकाच गोष्टीचा दर देतात, मग तुलना खरी होते. अर्ज कौन्सिलकडे करता येतो, किंवा खासगी नोंदणीकृत अप्रूव्हरकडून काम करून घेता येतं.

निरीक्षकाला मधल्या टप्प्यांवर बोलवायचं कुणी, हे करारात लिहून घ्या. पोलाद झाकण्याआधी, जमिनीच्या फळ्या ठोकण्याआधी, इन्सुलेशनवर बोर्ड चढवण्याआधी. आणि शेवटच्या हप्त्याची रक्कम ‘कम्प्लीशन सर्टिफिकेट’ (काम नियमांत बसल्याचा दाखला) हातात येईपर्यंत राखून ठेवा.

हे मी आग्रहाने सांगतोय कारण घर शोधताना आम्ही एक घर पाहिलं होतं. वर देखणी खोली, लाकडी जमीन, मोठी खिडकी. जाहिरातीत मात्र ‘लॉफ्ट रूम’ लिहिलेलं, बेडरूम नाही. सर्टिफिकेट नव्हतं. वकिलांचे प्रश्न सुरू झाले, कर्ज देणाऱ्यांनी ती खोली मोजायला नकार दिला. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या अशा कामाला कौन्सिलकडे ‘रेग्युलरायझेशन’ (मागाहून मंजुरी) मागता येतं, पण त्यासाठी छत, जमीन उघडून दाखवावी लागते. मालक तयार नव्हते. आम्ही ते घर सोडलं.

कौलारू

काल रात्री मोठ्या कागदावर तिन्ही मजले आखले. नवा जिना जुन्या जिन्याच्या डोक्यावर घेतला, छोटी बेडरूम शाबूत राहते. वरचं टोक डॉर्मरमध्ये येतं. शॉवर खालच्या बाथरूमवर सरकवला. तळमजल्यावर जिन्यापासून पुढच्या दारापर्यंत हॉल परत बांधायचा, बैठक आणि स्वयंपाकघर एकच ठेवायचं. मुलीला दाखवलं, तर तिची खोली मनातल्या चित्रापेक्षा लहान झालीय, पण दारं का बदलायची ते सांगितल्यावर तिने स्वतःच कागदावर अलार्मच्या जागा काढल्या.

एक अडचण राहिली. पहिल्या मजल्यावर नव्या जिन्याची पहिली पायरी आमच्या बेडरूमच्या दाराशी येते. दार जिन्याकडे उघडतं.

ओळंबा

छान झालाय आराखडा. असाच घेऊन आर्किटेक्टकडे जा.

दार खोलीच्या आत उघडणारं करा, तुम्हाला ते एफडी दार म्हणून नवं बसवायचंच आहे, त्यामुळे वेगळा खर्च नाही. काही कारणाने बाहेरच उघडावं लागलं तर पायरीच्या पायथ्याशी, जिन्याच्या पूर्ण रुंदीत, दार उघडं असतानाही ४०० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत.

मोजणीला माणूस येईल तेव्हा त्याला जुन्या जिन्यावरची उंचीही मोजायला सांगा. नवा जिना वरून गेल्यावर त्याची खालची बाजू जुन्या जिन्याचं छत होते. तिथेही २ मीटर मोकळे हवेत, आणि त्या खालच्या बाजूला प्लास्टरबोर्ड लागतो. त्याची जाडी हिशोबात धरायला सांगा.

कौलारू

धरते. मोजणी पुढच्या आठवड्यात आहे. उजवीकडच्या शेजाऱ्यांकडे उद्या संध्याकाळी जातेय, नकाशा आणि त्या नसलेल्या विटांचा फोटो घेऊन. नकाशे मंजुरीला गेले की इथेच लिहीन.